गिरडची टेकडी आणि मर्यादेचा प्रश्न

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यांत गिरडची टेकडी आहे. तिजवर शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदु व मुसलमान दोघेही तेथें भक्तिभावानें जातात. टेकडीवर वाटोळे दगडी गोळे सांपडतात. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल शापानें दगड झाला, अशी त्यांची कथा सांगतात. भूगर्भशास्त्र त्यांस जिओलाइट खनिजाचे गोळे म्हणतें.

एका यात्रेकरूनें आठवण म्हणून एक गोळा उचलला, तर टेकडी उणी होत नाहीं. परंतु तेंच सहस्रावधींनीं केलें, तर ती उजाड होईल आणि दोषी मात्र कोणीच सांपडणार नाहीं. म्हणून लोकप्रिय डोंगरावर मर्यादा हवी, याविषयीं आमचें दुमत नाहीं. प्रश्न आहे तो ती कोणावर घालावी हा.

जबर शुल्क ठेवून गर्दी हटवावी, असें कित्येक सुचवितात. तसें केल्यास डोंगर वांचेल, पण तो धनिकांचा होईल. मोलमजुरी करणारा भाविक पायथ्याशींच राहील. याहून न्याय्य मार्ग माथेरानीं दिसतो. 2003 सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलेल्या त्या डोंगरावर खाजगी मोटार दस्तुरी नाक्यापुढें जात नाहीं; मोटारीचा धनीही तेथेंच उतरतो.

आमच्या मतें, संख्या आवरणें भाग पडलें तर ती पाळीनें आवरावी, पैशानें नव्हे. आणि दगड जागचा न हलविण्यास तर कोणत्याही नियमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.