खेळातले विमान

संगणकावर विमान उडविण्याचा खेळ आता आपल्याकडच्या पुष्कळ घरांत शिरला आहे. त्यात आजकालची जेट विमाने असतातच. परंतु या खेळाचे खरे भक्त जुन्या विमानांच्या मागे लागलेले असतात. डाकोटा, स्पिटफायर, बी-२९! यांतली बहुतेक केव्हाच भंगारात गेली, काही संग्रहालयांत उभी आहेत, आणि फारच थोडी अजून उडतात. त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती संगणकात उभ्या करण्यासाठी माणसे वर्षे घालवितात. मूळ आराखडे मिळवितात, पत्र्यावरचे रिव्हेट मोजतात, कुठे एखादे जुने इंजिन चालू अवस्थेत असेल तर त्याचा आवाज टिपून आणतात. चांगल्या प्रतिकृतीत इंजिन एका झटक्यात सुरू होत नाही. ते खोकते, निळसर धूर सोडते, तेल गरम होईपर्यंत तुम्हाला थांबायला लावते. घाई केलीत तर रुसून बसते. ही निष्ठा पाहिली की मला आपले जुने मूर्तिकार आठवतात. देवाची पाठ भिंतीकडे जाणार हे ठाऊक असूनही ते ती मन लावून घडवीत.

मग यात हरकत घेण्यासारखे काय आहे? हरकत नाही, पण एक प्रश्न आहे. ज्या यंत्राने माणसे मारली त्याच्यावर निर्मळ प्रेम करता येते काय? आणि करता आले, तर त्या प्रेमाला निर्मळ म्हणायचे की नुसतेच अजाण?

खेळ आणि युद्ध यांची या बाबतीत सोयरीक फार जुनी आहे. अमेरिकेत बिंगहॅमटन या गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते वापरून लिंकने १९२९ साली एक बुटके विमान तयार केले. ते जमीन सोडीत नसे, पण खऱ्या विमानासारखे झुके, वळे, डुले. हे वैमानिकांच्या शिक्षणासाठी आहे असे तो सांगे. गिऱ्हाइके मात्र मिळाली ती करमणुकीच्या बागांची! पैसे टाका आणि विमानात बसा. पुढे १९३४ साली टपाल वाहून नेण्याचे काम अमेरिकी लष्कराकडे आले आणि थोड्याच आठवड्यांत वाईट हवेने डझनभर वैमानिकांचा बळी घेतला. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात तर लाखो वैमानिक त्या खोट्या विमानात बसून खरे विमान चालवायला शिकले. मग १९७९-८० साली ब्रूस आर्टविकने घरगुती संगणकासाठी हा खेळ काढला, तेव्हा त्या पहिल्या खेळातही पहिल्या महायुद्धातली एक हवाई लढाई होतीच. जत्रेतून छावणीत, छावणीतून दिवाणखान्यात, असा हा प्रवास आहे.

यावर ठरलेले उत्तर असे की, सुरीने भाजी चिरता येते आणि गळाही. त्यात सुरीचा काय दोष? डाकोटाच्या बाबतीत हे उत्तर मला पटते. ते विमान १९३५ साली पहिल्यांदा उडाले ते प्रवाशांसाठी, झोपण्याच्या सोयीसकट. युद्धात त्यातून छत्रीधारी सैनिक उतरले. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला आपली पलटण उतरली ती डाकोटांतूनच, आणि फाळणीच्या त्याच दिवसांत निर्वासितांनाही डाकोटांनी आणले. सुरी म्हणावी तर ही खरी सुरी.

परंतु बी-२९ ला हे उत्तर लागू पडत नाही. त्याचे पोट बॉम्बसाठीच घडविलेले होते. गंमत अशी की, त्याच घराण्यातून बोइंग कंपनीने १९४७ साली स्ट्रॅटोक्रूझर हे प्रवासी विमान उडविले. वर शय्या, आणि एक गोल जिना उतरून गेले की खाली पेयपानाची बैठक! महासागरावरून जाणारे श्रीमंत प्रवासी तिथे गप्पा मारीत बसत. प्रतिकृती करणारे लोक ही दोन्ही विमाने सारख्याच मायेने करतात. एकाच्या जिन्याचे कठडे नेमके करतात, दुसऱ्याच्या बॉम्बकप्प्याची दारे नेमकी करतात.

९ मार्च १९४५ च्या रात्री सुमारे ३०० बी-२९ विमाने टोकियोवर गेली, तीही केवळ ५,००० ते ९,००० फुटांवरून. त्या एका रात्रीत सुमारे १ लाख माणसे मेली. खालच्या आगीच्या झोताने वरची अवजड विमाने पतंगासारखी उसळत होती, आणि जळत्या माणसांचा वास विमानात येत होता, असे त्या वैमानिकांनीच सांगून ठेवले आहे. प्रतिकृतीत पत्र्याचा रंग असतो, काट्यांचा थरकाप असतो. तो वास नसतो.

‘अहो, खेळच तो! आपली मुले दिवाळीत किल्ले करतात, तिथे कुठे रक्त सांडलेले असते?’ असे कोणी म्हणेल. बरोबर आहे, आणि ते किल्ले बंद करा असे मी जन्मात म्हणणार नाही. पण त्या किल्ल्याकडे नीट पाहा. तिथे महाराज दरवाजापेक्षा उंच असतात. बुरुजावर अळीव उगवलेला असतो, मावळ्यांच्या शेजारी प्लॅस्टिकची गाय आणि रेल्वेचे इंजिन असते. तो किल्ला आपण खोटे असल्याचे उघड कबूल करतो, आणि म्हणूनच खऱ्या किल्ल्याची गोष्ट सांगायला आजीला जागा उरते. हुबेहूब वस्तू अशी जागा ठेवीत नाही. ‘हे असेच होते’ म्हणून ती तोंड मिटून बसते. प्रतिकृतीतली चूक मला कधी खुपली नाही, बिनचूकपणा खुपतो.

बिनचूकपणाची एक हकीकत तर अंगावर काटा आणणारी आहे. १९४३ साली अमेरिकी लष्कराने युटामधल्या डगवे येथील वाळवंटात जपानी कामगारांच्या घरांची एक वसाहत उभारली. आराखडे अँटोनिन रेमंड या वास्तुशिल्पज्ञाचे. जपानमध्ये वर्षानुवर्षे राहून त्या घरांवर प्रेम केलेला हा माणूस. पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमातली ‘गोलकोंड’ ही शांत, सुंदर वास्तू त्याचीच. घरांत चटया होत्या, बिछाने होते, बुटकी मेजे होती. सगळे जिथल्या तिथे. मग त्यांवर आगीचे बॉम्ब टाकले, घर कसे पेटते हे पाहिले, पुन्हा बांधले, पुन्हा जाळले. त्या प्रतिकृतीतही काही चुकले नव्हते. फक्त घरांत माणसे नव्हती.

तरीही या छांदिष्टांना एका दमात दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही. बी-२९ ची इंजिने तापत आणि हवेतच पेट घेत. शत्रूची गोळी न लागताही वैमानिक जळून मेले. प्रामाणिक प्रतिकृतीत ते इंजिन तसेच तापते, आणि खेळणाराची नजर त्या एका काट्यावर खिळून राहते. वीस-बावीस वर्षांच्या पोरांची ती भीती कोणत्याही पाठ्यपुस्तकाने मुलांपर्यंत पोचविलेली मी पाहिली नाही. खेळ ती चिमूटभर का होईना पोचवितो. मात्र विमानाच्या आतली भीती तेवढी पोचते. बाहेरची, खालची पोचत नाही. आकाशातून पाहणाराच्या वाट्याला नेहमी नकाशा येतो.

आणि हल्ली हा नकाशा आजचा असतो. नव्या खेळात खालची जमीन उपग्रहांच्या छायाचित्रांवरून उभी केलेली असते. त्यामुळे विमान १९४५ सालचे असले तरी खाली टोकियो लागते ते आजचे. माझ्या वर्गातला एक मुलगा रात्री असे जुने बॉम्बफेकी विमान घेऊन तिथे जातो, असे त्याने मला सांगितले. त्याच्या खेळात बॉम्ब टाकण्याची सोयच नाही.

“मग तिथे जाऊन करतोस काय?” मी विचारले.

“काही नाही, सर. खाली खूप दिवे असतात, ते बघतो. मग हानेडाला उतरतो.”