गळ्यावर सत्ता कोणाची?

ज्याला असामान्य देणगी लाभली, तो तिचा धनी कीं नुसता विश्वस्त? द्रव्याच्या संबंधानें हा प्रश्न आपण पुष्कळ ऐकतों. गळ्याच्या संबंधानें तो क्वचितच विचारला जातो. मला तो सुचला एन्रिको कारूझो या इटालियन गायकाचें चरित्र वाचतांना. पुरुषाच्या आवाजाच्या ज्या उंच जातीला पाश्चात्य संगीतांत ‘टेनर’ म्हणतात, तींत त्याच्या तोडीचे गायक फार थोडे झाले. १८७३ सालीं नेपल्स शहरांत एका गरीब कामगाराच्या घरीं तो जन्मला. १९०३ पासून न्यूयॉर्कचें मेट्रोपोलिटन ऑपेरागृह हें त्याचें कर्मक्षेत्र झालें व तेथें तो आठशेंहून अधिक वेळां गायला. कीर्तीचा पाढा इतका पुरे. त्याच्या आयुष्यांतील दोन रात्री मात्र माझ्या मनांतून जात नाहींत. आणि योगायोग असा कीं, दोन्ही रात्रीं तो दोनिझेत्तीच्या ‘ल’एलिझीर दामोरे’ या एकाच विनोदी ऑपेरांत नेमोरीनो नांवाच्या भोळ्या खेडवळ पोराची भूमिका करीत होता.

पहिली रात्र १९०१ च्या डिसेंबरांतील, नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहांतील. बाहेर नांव मिळवून मुलगा घरीं आला होता. घरच्यांनीं स्वागत केलें तें हात राखून. टीकाकारांनीं नाकें मुरडलीं. त्या हंगामानंतर कारूझोनें आपल्या जन्मगांवीं जाहीर रीतीनें पुन्हा कधींही गायन केलें नाहीं. चारच महिन्यांनीं, ११ एप्रिल १९०२ रोजीं, मिलानच्या एका हॉटेलांतील खोलींत त्यानें शंभर पौंडांवर दहा गाणीं ग्रामोफोनच्या शिंग्यांत गायलीं. पुढें गांवकऱ्यांना आपल्याच पोराचा आवाज ऐकावयाचा तो असल्या तबकड्यांवरून. कलावंताच्या मानीपणाचें मला कौतुक आहे. पण नाकें मुरडलीं तीं पुढच्या खुर्च्यांनीं, आणि शिक्षा भोगली ती त्याच्या लहानपणच्या गल्लीबोळांनीं, हें कांहीं केल्या माझ्या न्यायबुद्धीला पटत नाहीं.

दुसरी रात्र ११ डिसेंबर १९२० ची, ब्रुकलिनची. पहिल्या अंकांतच गातां गातां घशांतून रक्त येऊं लागलें. पडद्याआडून सहकारी रुमाल देत होते; तोंड पुसावें, रुमाल टाकावा, पुढची ओळ उचलावी, असें चाललें होतें. पत्नी समोरच बसली होती. श्रोत्यांतून ‘थांबा, थांबा’ असा आक्रोश झाला, तरी तो अंक संपेपर्यंत गातच राहिला. त्यानंतर खेळ बंद करण्यांत आला.

आतां ही संगति कशी लावावयाची? गळा जर त्याच्या मालकीचा, तर ब्रुकलिनच्या परक्या मंडळींसाठीं त्यानें रक्त ओकण्याचें कारण नव्हतें. गळा जर लोकांची ठेव, तर एका सबंध शहराला तो जन्मभर नाकारण्याचा त्याला अधिकार नव्हता. माझे एक सहाध्यापक म्हणतात कीं, दुसऱ्या रात्रीचें वर्तन म्हणजे रणांत पडेपर्यंत लढणाऱ्या शिपायाचें कर्तव्यपालन. मला हें मान्य नाहीं. सावकारानेंच कागद फाडून टाकल्यावर ऋणको जें मोजीत बसतो तें कर्ज नव्हे. श्रोत्यांनीं आपला हक्क सोडला होता. मग तो कोणाचें देणें फेडीत होता? मला वाटतें, नेपल्सचें! एकदां थंड पडलेलें नाट्यगृह ज्यानें पाहिलें, त्याला पुढें प्रत्येक नाट्यगृह थंड पडेल अशी भीति वाटत राहते, आणि श्रोत्यांच्या करुणेंतही त्याला नापसंतीच ऐकूं येते. हा माझा तर्क आहे. परंतु तो खरा असेल, तर त्या रक्तांतले कांहीं थेंब एकोणीस वर्षांपूर्वीं हात राखून बसलेल्या लोकांच्या पदरीं घालावे लागतील.

हें लिहितांना माझी लेखणी जरा अडखळते. तरुणपणीं एका संगीत नाटकाच्या प्रयोगास मी गेलों होतों. नायकाची भूमिका करणारे वृद्ध नट त्या दिवशीं तापानें फणफणले होते. तसें आरंभीं सांगण्यांतही आलें होतें. तरी तिसऱ्या अंकांतील पदाला आम्ही मित्रांनीं तीन वेळां वन्समोर घेतला. चौथ्यांदा हात जोडून ते नुसते हसले, तेव्हां ‘आतां बुवांत राम राहिला नाहीं’ असें म्हणणाऱ्यांत मी होतों. तिकिटाला मीं जे पैसे मोजले होते, त्यांत त्यांचा तापही विकत घेतला, अशीच माझी समजूत असावी.

कारूझो त्यानंतरही उभा राहिला. २४ डिसेंबर १९२० रोजीं मेट्रोपोलिटनमध्यें तो शेवटचा गायला. पुढें फुप्फुसाच्या आवरणांत पू झाला, शस्त्रक्रियेवर शस्त्रक्रिया झाल्या. उन्हाळ्यांत तो इटलीस परतला आणि २ ऑगस्ट १९२१ रोजीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, वारला तो नेपल्समध्येंच. अंत्ययात्रेच्या वाटेवर दोहों बाजूंस हजारों माणसें उभीं होतीं. त्यांतल्या कितीकांनीं त्याला समोर बसून एकदांही ऐकलें नव्हतें.