धोकटीतील चामोटी



श्रावण वद्य द्वादशीला सेना महाराजांची पुण्यतिथी. त्या दिवशी गावोगावच्या कीर्तनांत राजाची हजामत करणारा पांडुरंग उभा राहतो. महिपतीबोवांनी 1762 साली पूर्ण केलेल्या भक्तविजयात ही कथा मोठ्या प्रेमाने सांगितली आहे. सेना महाराज पूजेत रंगले, राजाकडचे बोलावणे राहिले, आणि भक्ताची लाज राखायला देवाने धोकटी काखेला मारली. इथवर आले की श्रोते डोळे पुसतात. पण त्या धोकटीत सामान कोणते होते, हे काही कोणी विचारीत नाही. न्हाव्याची धोकटी म्हटली की वस्तरा आला, कातर आली, चिमटा, आरसा, वाटी, धारेचा दगड आला. आणि तळाशी गुंडाळी करून ठेवलेली चामोटी आली. चामोटी म्हणजे ज्यावर वस्तरा मागेपुढे फिरवायचा तो चामड्याचा पट्टा. महाराजांच्या नावावरच्या प्रसिद्ध अभंगात आरसा आणि चिमटा यांना परमार्थातले मोठे हुद्दे मिळाले आहेत. चामोटीचे नाव मात्र त्यात नाही. आज तिच्याविषयी चार शब्द बोलू.

याला निमित्त झाले सीवूड्सच्या एका माळकरी तरुणाचे. एका बाजूला दारावे-करावे ही आगरी-कोळ्यांची जुनी गावे, दुसऱ्या बाजूला सिडकोच्या शहरातले उंच मनोरे आणि पलीकडे खाडी, असे ते ठाणे. या तरुणाच्या हाती आजोबांचा जर्मनीतील सोलिंगेनचा वस्तरा आला आणि घरीच दाढी करावी असे त्याच्या मनाने घेतले. त्याने दोन गोष्टी विचारल्या. पट्टा मापाने बनवून घ्यायचा तर कसा घ्यावा? आणि गळ्यात तुळशीची माळ असताना घरात चामडे टांगावे काय?

आधी दुसरीच घेतो, कारण मनाला टोचते ती तीच. अहो, भजनाला उभे राहता तेव्हा पखवाज कशाचा वाजतो? त्याची पुडी शेळीच्या कातड्याची आणि पुष्कळदा वाद्याही चामड्याच्याच. त्या नादावर विठ्ठल नाचतो म्हणायचे आणि पट्ट्यापाशी सोवळे काढायचे, हे जुळत नाही. मात्र चामडे कशाचे हे विचारण्याचा हक्क माळकऱ्याला आहे; त्याने तो जरूर बजवावा. महाराष्ट्रात 2015 पासून गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीस कायद्याने बंदी आहे. म्हैस त्या बंदीत नाही. म्हशीचे कातडे जाड आणि टिकाऊ, पट्ट्याला चांगले चालते. ज्याला मेलेल्या जनावराचेच हवे, त्याने तसे कारागिराला आधी स्पष्ट सांगावे आणि मिळेपर्यंत थांबावे. ज्याला चामडे नकोच, त्याने जाड, घट्ट विणीच्या सुती पट्ट्यावर भागवावे. धार थोडी खरखरीत राहील, पण दाढी होईल. त्यासाठी कोणी पंढरीला अडवणार नाही.

अडवण्याचा विषय निघालाच, तर एक बोलून टाकतो. चामोटी घडते रोहिदासांच्या धंद्यात आणि वापरली जाते सेना महाराजांच्या धंद्यात. एका हातभर पट्ट्यात दोन संत एकत्र येतात. पण चामडे कमावणाऱ्याच्या हातचा पखवाज मंदिरात गेला, आणि तो स्वतः पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर राहिला. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे ते दार सर्वांना उघडण्याचे ठरले. म्हणून पट्टा बनवायला सांगताना कारागिराला अरेतुरे करू नका. परदेशी मालाला सांगेल ती किंमत मुकाट्याने मोजायची आणि आपल्या चांभारदादांशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करायची, ही खोड आपल्यात फार. अशाने कोणता भागवत धर्म वाढतो, ते मला तरी कळलेले नाही.

आता पट्ट्याकडे वळू. प्रथम चामोटी काय करते ते नीट समजले पाहिजे; निवड त्यावरच अवलंबून आहे. पुष्कळांना वाटते, ती धार लावते. धार लावतो तो दगड. तो पोलाद झिजवून नवी कड काढतो. चामोटी पोलाद जवळजवळ काढीतच नाही. दाढीचे केस कापताना वस्तऱ्याची अतिशय पातळ कड कुठे वाकते, कुठे कलते. ती चामोटी पुन्हा सरळ उभी करते, पुसून गुळगुळीत करते. दगड वर्षातून एखाददोनदा लागतो, चामोटी रोज लागते. वारी वर्षातून होते, पण हरिपाठ रोजचा असतो ना? आणि रोज चामोटी न फिरवता नुसता दगडावर भर देणाऱ्याचा वस्तरा झिजून सुरी होतो, हे जुने कारागीर सांगतात.

म्हणजे काम सरळ करण्याचे. तेव्हा पट्टा स्वतः सरळ, सपाट आणि एकसारखा हवा. कातड्याचा पाठीकडचा भाग घ्यावा, कण्याच्या दिशेने कापलेला. पोटाकडचे कातडे सैल असते, ताणले की लांबते, आणि पट्ट्याला झोळ पडतो. झोळ पडलेल्या पट्ट्यावर धार गोल होते. जाडी तीन-चार मिलिमीटर, सगळीकडे सारखी. हात लावून पाहा, उजेडाकडे तिरपा धरून पाहा. डाग, व्रण, माशीची भोके नकोत. रुंदी तीन इंच असली की वस्त्याचे पाते आडवे पुरते मावते आणि नवशिक्याला बरे पडते. दोन-अडीच इंचांच्या पट्ट्यावर वस्तरा तिरपा ओढावा लागतो. ते हाताला वळण लागल्यावर जमते. कामाची लांबी सोळा-अठरा इंच पुरे. खोली लहान, हात आखूड, तर कारागिराला तसे सांगावे; मापाने करून घेण्याचा फायदा तोच. डावखुऱ्याने तेही सांगावे.

कमावण्याची रीत विचारायला विसरू नये. कोल्हापूरच्या बाजूला चपलांचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. त्या चपलांना 2019 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. असे सालीवर कमावलेले चामडे घट्ट असते आणि वस्तऱ्याला हलकी ओढ देते. ती ओढ हाताला जाणवली पाहिजे. क्रोमच्या रसायनांत कमावलेले चामडे बहुधा मऊ, लवचिक निघते. पिशवीला उत्तम, पट्ट्याला मी घेणार नाही. काही हौशी लोक घोड्याच्या पुठ्ठ्याचे कातडे परदेशातून मागवतात. ते फार तुळतुळीत असते खरे, पण शिकाऊ हाताचा पहिला वार पट्ट्यावरच पडतो, आणि महाग कातड्यावर पडला की जिवाला लागतो. पहिला पट्टा साधा घ्यावा.

चामड्यामागे जाड सुती कापडाचा दुसरा पट्टा जोडून घ्यावा. आधी कापडावर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर पन्नासेक. वस्तरा सपाट टेकवून पाठ पुढे, धार मागे अशा दिशेने ओढायचा. टोकाला आला की पाठीवर उलटायचा, धारेवर कदापि नाही. पट्टा ताणून धरावा आणि वस्तऱ्याचे वजन तेवढेच वजन द्यावे. दाबले की बिघडले. रोजच्या चामड्याला हिरवी-तांबडी पॉलिशची वडी फासू नये. ती पोलाद खाते. तिला वेगळा पट्टा असावा.

कोणी कोणी पट्ट्यावर देवाचे नाव ठशाने उठवून मागतात. भाव चांगला, पण जागा चुकली. ज्यावरून वस्तरा फिरायचा तिथे नाम कशाला? शिवाय ठशाच्या खळग्यांवर धार अडखळते. नाव घालायचेच तर मुठीकडे, आणि आपले स्वतःचे घालावे.

आणखी एक. पट्टा ज्याचा त्याचा असावा. सलूनमध्ये आज गिऱ्हाईकागणिक नवे पाते लावतात, ते रक्तातून पसरणाऱ्या कावीळ, एड्ससारख्या रोगांमुळे, आणि ते योग्यच आहे. एकाच चामोटीवर साऱ्या गावाचा वस्तरा फिरवण्याचे दिवस गेले. घरातही बापलेकांनी एक वस्तरा वापरू नये.

सीवूड्ससारख्या खाडीकाठी हवा दमट आणि खारी. न्हाणीघरात पट्टा टांगला तर पावसाळ्यात त्याला बुरशी येते, आणि वस्तऱ्याला गंज चढतो. पट्टा वाऱ्याच्या खोलीत, उन्हापासून दूर असावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. त्याला तेल पाजण्याची घाई नको, रोज कोरड्या तळहाताने चोळला की तळव्याचा ओशटपणा त्याला पुरतो. आळंदीहून पायी निघणाऱ्याचा वस्तरा ऐन पावसाळ्यात जवळजवळ तीन आठवडे पडून राहतो. तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी तो कोरडा पुसून शिलाई यंत्राच्या तेलाचा बारीक हात द्यावा. परत आल्यावर पट्ट्यावर पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत दोन दिवस वारा द्यावा. वस्तऱ्याचे तेल पूर्ण पुसावे, आधी कापडाच्या पट्ट्यावर नेहमीपेक्षा दहा फेऱ्या जास्त फिरवाव्यात, आणि मगच चामड्याला टेकवावा.