पडण्याची विद्या

चैत्र जवळ आला की नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि जुन्नर-आंबेगावचेच काय, दूरदूरचे गावकारभारी यात्रेची सुपारी द्यायला तिथे येऊन टेकतात. बिदागीची घासाघीस ऐकत तिथून हिंडताना मला बस्टर कीटन आठवतो, हे वाचून कोणाला हसू आले तर येऊ द्यावे. विषय हसण्याचाच आहे.

'स्टीमबोट बिल ज्युनियर' या 1928 सालच्या मूकपटात वादळात सापडलेल्या कीटनच्या अंगावर घराची अख्खी दर्शनी भिंत कोसळते, आणि तो वाचतो तो केवळ वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून उतरते म्हणून. भिंत खरीच वजनदार होती. उभे राहण्याची जागा थोडी चुकती, तर विनोदाचा तिथेच अंत होता. एवढे होऊनही त्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. गबाळेपणाचा आभास उभा करायला किती काटेकोर गणित लागते, हे तो प्रसंग पाहताना जाणवते आणि हसू ओसरल्यावरही कितीतरी वेळ मनात रेंगाळत राहते.

हे गणित पुस्तकातून येत नाही. कीटन आईबापांबरोबर रंगमंचावर वाढला. बाप त्याला इकडून तिकडे फेकी आणि लोक हसत. चॅप्लिनचे आईवडीलही रंगमंचावर गाणारे. आपल्याकडे फडावर जन्मलेले पोर असेच राहुटीत झोपते, ढोलकीच्या बोलांवर जागे होते आणि अक्षरओळख होण्याआधी त्याच्या अंगात ताल मुरतो. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घराण्यातल्या विठाबाई सोंगाड्या नव्हेत. त्या नाचगाण्याच्या सम्राज्ञी. पण ऐन खेळात कळा आल्या, पडद्यामागे प्रसूती झाली, दगडाने नाळ तोडून त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही त्यांची कथा आठवली की चॅप्लिनने 'द गोल्ड रश'मध्ये (1925) उकडून खाल्लेला बूट मला निराळा दिसू लागतो. त्या बुटाचे खिळे तो कोंबडीच्या हाडासारखे चोखतो, नाडी शेवयांसारखी गुंडाळून तोंडात घालतो, आणि एकाएकी ध्यानात येते की हा भुकेचा प्रसंग आहे आणि आपण पोट धरून हसतो आहोत.

जिवंत माणसात यंत्राचा ताठरपणा दिसला की आपण हसतो, असे आंरी बर्गसाँने 1900 साली मांडले. मला ते अर्धेच पटते. गवळणीतली मावशी मिशा पुसत पदर सावरते, किंवा काळू-बाळूंचे जुळे हवालदार 'जहरी प्याला'त एकमेकांत अडकतात, तेव्हा आपल्याला यंत्र दिसत नाही. आपलाच कोणी चुलता दिसतो. वगाची संहिता बहुधा कागदावर नसतेच, त्यामुळे समोर बसलेल्या गावाचा अंदाज घेत सोंगाड्या राजाला कुठवर चिडवायचे ते जागच्या जागी ठरवतो. मूकपटातला भटक्या शिपायाच्या ढुंगणावर लाथ मारून पळतो तोही याच नात्याने. दादा कोंडक्यांची ढगळ अर्धी विजार, तिची लोंबती नाडी, आणि चॅप्लिनची घोळदार विजार यांची सोयरीक मला अशीच जुळताना दिसते: दुसऱ्याच्या मापाचे कपडे घालून जगात वावरावे लागणाऱ्यांची ती जात आहे.

फरक एकच, आणि तो मला सलतो. कीटनची ती भिंत आजही हवी तितक्यांदा पाडता येते. सोंगाड्याचे पडणे मात्र, पहाटे वग संपून कनात उतरली की, पाहणाऱ्यांच्या बोलण्यातच उरते, आणि सांगणाऱ्यागणिक थोडे बदलते.

भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगताना स्मित उत्तम पुरुषांना बहाल केले आणि डोळ्यांत पाणी आणणारे, अंग गदगदा हलवणारे हसणे अधमांच्या पदरी टाकले. मुनींची क्षमा मागून सांगतो, यात्रेच्या मैदानात मी त्या खालच्या पंगतीतच बसतो; तिथे जागा ऐसपैस असते.