एकाच स्वरांचे दोन राग

हिंदुस्थानी संगीतात राग कशावरून ओळखायचा, हे भूप आणि देशकार या जोडीवरून चांगले कळते. दोन्हींचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोन्हींत वर्ज्य. पेटीवर ते ओळीने वाजवले तर फरक उरत नाही; तरी जाणता श्रोता पहिल्या दोन-तीन आलापांतच राग सांगतो. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार. हा राग पूर्वांगात रमतो आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायला जातो. देशकार सकाळचा. त्याचा वादी धैवत, सारा वावर उत्तरांगात, आणि रिषभावर तो सहसा थांबत नाही. भूप गाताना धैवतावर थोडे जास्त रेंगाळले की देशकार डोकावलाच.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या दहा थाटांत भूप कल्याणात बसतो, देशकार बिलावलात. या दोन थाटांमधला फरक एकट्या मध्यमाचा: एकात तीव्र, दुसऱ्यात शुद्ध. आणि या दोन्ही रागांत मध्यमच नाही! म्हणजे स्वरांवर उभारलेल्या वर्गीकरणालाही इथे रागाच्या चालीचाच आधार घ्यावा लागला. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही तसेच. कोमल रिषभ, तीव्र मध्यम आणि वर्ज्य पंचम तिघांत समान. पण मारवा कोमल रिषभ आणि धैवतावर उभा राहतो व षड्जाला शक्य तितके टाळतो, पूरिया मंद्र निषाद आणि गंधाराभोवती फिरतो, तर सोहनी तार षड्जाकडे धाव घेते.

ही चाल कागदावर पुरती उतरत नाही. स्वरलिपीत स्वर दिसतो. त्याला लागलेला कण, दोन स्वरांमधली मींड, आंदोलन हे गुरूच्या गळ्यातूनच घ्यावे लागते. दरबारीचा गंधार अतिकोमल आणि आंदोलित असतो. पेटीच्या पट्टीत तो सापडत नाही. तंबोऱ्याची जुळणीही रागाप्रमाणे बदलते. पहिली तार एरवी पंचमात, मालकंसाला मध्यमात, तर मारव्याला बहुधा निषादात लावतात.

मैफलीत राग उलगडतो तो बढतीने. विलंबित ख्यालात बारा मात्रांच्या एकतालाचे एकच आवर्तन मिनिटभर चालू शकते. तेवढ्या अवकाशात गायक एखाद्या स्वराभोवती आलाप मांडतो आणि मुखडा घेऊन समेवर येतो. श्रोत्यांची दाद बहुतेक वेळा तिथेच येते, कारण समेची वाट तेही पाहत असतात. हळूहळू पुढचे स्वर खुले होतात, तार षड्जानंतर अंतरा येतो, मग बोलताना आणि ताना. शेवटी बहुधा त्रितालात द्रुत चीज.

हा क्रम सर्व घराण्यांचा सारखा नाही. किराण्यात एकेका स्वरावर संथपणे ठाण मांडतात. ग्वाल्हेरवाले बंदिशीची अस्थायी-अंतरा आधी भरून मांडतात; तिच्यातच रागाचा नकाशा असतो, अशी त्यांची धारणा. अल्लादिया खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली गायकीत आलापही लयीच्या अंगाने चालतो, आणि ताना इतक्या पेचदार की सम कुठून येणार याचा अंदाज लागत नाही. खाँसाहेब कोल्हापुरात राहिले, आणि ती गायकी गोव्याच्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांतून महाराष्ट्रात रुजली. अनवट राग आणि जोडराग हा या घराण्याचा खास प्रांत.

राग ठरावीक प्रहरीच गाण्याचा नियम मात्र आता सभागृहाच्या वेळापत्रकाला शरण गेला आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि पुढे बरीच वर्षे रात्रभर रंगत असे. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आल्यावर मैफली दुपारीच सुरू होऊ लागल्या. त्यामुळे मुलतानी, मधुवंती यांना व्यासपीठ मिळाले. रात्रीच्या शेवटच्या प्रहराची सोहनी मात्र तिच्या वेळी ऐकायला आता ध्वनिमुद्रिकाच लावावी लागते.