हाताने लावायचे तेल



इटालियन भाषेत मलमाला 'उंग्वेंतो' म्हणतात. स्पॅनिश, पोर्तुगीज व फ्रेंच भाषांतही याच शब्दाची रूपे आहेत. या सर्वांची जननी लॅटिन. तिच्यातील 'उंग्वेरे' या क्रियापदाचा अर्थ माखणे, चोळणे. शब्द परका वाटतो, पण त्याचे गोत आपल्या घरात आहे. संस्कृतमधील 'अञ्ज्' हा धातू त्याच कुळातला. त्यातून डोळ्यांत घालायचे अंजन आले आणि दिवाळीच्या पहाटे आई तेल चोळून घालते ते अभ्यंगस्नानही आले.

म्हणजे या शब्दाच्या मुळाशी औषध नाही, हाताची क्रिया आहे. बाटलीतले तेल नुसते तेलच असते. कोणी जवळ बसून ते लावले की त्याचे मलम होते. प्रभूच्या दाखल्यातील शोमरोनीही आधी जखमी माणसाजवळ गेला, मग त्याने जखमांवर तेल ओतले.

संत याकोब आपल्या पत्रात आजाऱ्याला मंडळीच्या वडिलांना बोलावण्यास सांगतो. पुढे मात्र या संस्काराला 'अंतिम अभ्यंग' हे नाव पडले आणि 'अंतिम' या एका शब्दाने घात केला. फादर तेल घेऊन आले म्हणजे आशा संपली, अशी धास्ती बसली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली 'रुग्णांचे अभ्यंग' हे नाव अधिक योग्य ठरवले. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी, ऑलिव्हचे तेल दुर्मिळ असेल तेथे दुसऱ्या वनस्पतीच्या तेलाची मुभा दिली. आपल्या शिवारातील करडईलाही तो मान मिळू शकतो! हे आशीर्वादित तेल कपाळाला आणि हातांना लावतात.

नांदूरघाट परिसरातून दिवाळीच्या सुमारास तरणी जोडपी ऊसतोडीला जातात. मागे राहतात म्हातारी माणसे. त्यांच्यापर्यंत गोळ्या पोहोचतात, हात पोहोचत नाही. या आठवड्यात अशा एका घरी जा. दुखऱ्या गुडघ्यांना तेल चोळून द्या. तो संस्कार नव्हे, पण त्याच कुळातले काम आहे. आणि गंभीर आजारी किंवा वार्धक्याने खचलेल्यांसाठी फादरांना वेळेवर निरोप द्या. शुद्ध हरपेपर्यंत थांबू नका. त्यांना स्वतःच्या मुखाने 'आमेन' म्हणता येऊ द्या.

'ख्रिस्त' या नावाचा अर्थच अभिषिक्त, तेलाने माखलेला. त्याचे नाव लावणाऱ्यांचे हात कोरडे राहू नयेत. आमेन.