करंजाचा सडा

वसंत ऋतूला तमिळमध्ये ‘इळवेनिल’ म्हणतात. इळ म्हणजे कोवळं, वेनिल म्हणजे उन्हाळा. भाषांतर करताना तिथे सरळ ‘वसंत’ लिहून पुढे जाता येतं. पण कुंभकोणमला राहायला आल्यापासून माझा हात अडतो. मेट्टूर धरणाचे दरवाजे रिवाजाप्रमाणे २८ जानेवारीला बंद होतात आणि १२ जूनला उघडतात. त्यामुळे चैत्रात इथली कावेरी म्हणजे नुसती वाळू. नेमके तेव्हाच कडुनिंब आणि करंज फुलतात, बहावा पिवळा होऊ लागतो. नदी आटलेली आणि झाडं बहरलेली, असा हा कोवळा उन्हाळा.

मी इथे आले तंजावरी मराठीच्या ओढीने. पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावात जन्मले. त्यांच्यासारख्या घराण्यांनी जपलेली मराठी अजून काही घरांत ऐकू येते. त्या घरांकडे जायला मी एक जुनी सायकल घेतली. गावात सायकलींसाठी वेगळे मार्ग नाहीत. पण कावेरीच्या मुखाकडचा हा प्रदेश सपाट, चढ म्हणून नाही, आणि देवळांभोवतीच्या गल्ल्या इतक्या अरुंद की मोटारीलाही सायकलीमागून यावं लागतं. सरकारी शाळेतल्या मुलामुलींना अकरावीत राज्य सरकार सायकल देतं, त्यामुळे सकाळचा रस्ता त्यांचाच असतो. जवळच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेत अक्षरांबरोबर सायकलही शिकवली गेली आणि हजारो बायका सायकलीवर बसल्या. चाळिशी ओलांडलेली बाई सायकलीवरून जाताना पाहून इथे कोणी वळून बघत नाही.

महामहम तलावाला वळसा घालून मी रोज सातच्या सुमाराला जाते. बारा वर्षांतून एकदा इथे महामहमचं स्नान असतं, तेव्हा लाखो माणसं येतात. एरवी सकाळी काठावरचे सोळा मंडप आणि पायऱ्या जवळजवळ रिकाम्या असतात. पुढच्या एका गल्लीच्या तोंडाशी करंजाचं झाड आहे. त्याखाली एक म्हातारे गृहस्थ सायकली दुरुस्त करतात. पंप, पाण्याचं घमेलं आणि पान्यांची पेटी, एवढंच दुकान. मी मान हलवायची, ते हात वर करायचे. दोन वर्षं हे चाललं होतं. समोर इडलीची गाडी लावणारी अक्काही हसायची. या सगळ्याला मी मनातल्या मनात ‘माझं गाव’ म्हणू लागले होते.

गेल्या वर्षी चैत्रात त्या करंजाखाली लाह्या सांडाव्यात तसा फुलांचा सडा दिसला. पांढरा, किंचित जांभळट, पाऊल टाकवू नये असा. मी वेग कमी केला आणि पाहत पाहत गेले. दुसऱ्या दिवशी तो आणखी दाट. पाच दिवस मी ते सुख घेतलं. सहाव्या दिवशी लक्षात आलं, की आधीच्या वसंतातही करंज फुलला होता, पण सडा कधीच नव्हता. ते गृहस्थ पहाटे येऊन जागा झाडायचे. सडा होता, कारण ते नव्हते.

अक्काला विचारलं. कावीळ झाली होती. तिने पहिल्याच दिवशी मुलाला त्यांच्या घरी पाठवलं होतं.

मला लाज वाटली ती फुलं आवडल्याची नाही. फुलं सुंदरच होती. लाज याची, की ते गृहस्थ, अक्का, शाळेची मुलं यांना मी झाडांच्याच रांगेत उभं केलं होतं. सकाळच्या देखाव्याचा एक भाग. आणि त्यातला एक माणूस गळला तेव्हा मला तो देखावा जास्तच आवडला.

पण रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस करता येते का? नाही येत. तसं करायला निघालेला माणूस लोकांना नकोसाच होईल. मग हद्द कुठे? मराठीत आपण ‘ओळख’ म्हणतो; एकदा झाली की झाली. तमिळमध्ये परिचयाला ‘पळक्कम’ म्हणतात, आणि सवयीलाही पळक्कमच. परिचय रोज करत राहावा लागतो, हे तो शब्द धरून चालतो. अक्काचा त्यांच्याशी पळक्कम होता, माझी नुसती ओळख. मला वाटतं, हद्द इथे आखता येईल: ज्याच्या असण्यावर माझं रोजचं सुख उभं आहे, तो दिसला नाही तर विचारणं माझ्याकडे लागतं. सायकलीवरून तो दिसतो एवढंच. पाय टेकून थांबायचं काम सायकल करत नाही.

त्या संध्याकाळी अक्काच्या मुलाबरोबर गेले. ते ओट्यावर बसले होते, डोळे अजून पिवळे. मी नाव सांगू लागले, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

“चेन अजून करकरते का, अम्मा?”

दोन वर्षं ते मला त्या आवाजावरून ओळखत होते. तेल घालायला थांबा, असं त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं. “तुम्ही घाईत असायचात,” ते म्हणाले.

यंदा करंज पुन्हा फुलला आहे. सातच्या आधी खालची जागा झाडून स्वच्छ झालेली असते. मी उतरते, दोन मिनिटं उभी राहते. फुलं वर आहेत, मान वर करून पाहावी लागतात.